यंत्राचे ऐकावे की माणसाचे : आकाशातल्या एका नियमाचा इतिहास

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीच्या पश्चिमेला, हरियाणातल्या चरखी दादरी या गावाजवळच्या आकाशात दोन विमाने समोरासमोर येऊन धडकली. एक होते सौदी अरेबियाच्या विमान कंपनीचे बोइंग ७४७. ते नुकतेच दिल्लीहून धहरानला निघाले होते आणि त्यात ३१२ माणसे होती. दुसरे कझाकस्तानचे इल्युशिन ७६, चिमकेंटहून दिल्लीला येणारे. त्यात ३७ माणसे होती. ३४९ पैकी कोणीही वाचले नाही. हवेत झालेल्या टकरींमध्ये इतकी जीवितहानी त्याआधी कधी झाली नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही.

सौदी विमानातले बहुतेक प्रवासी भारतीय होते. त्यांतले कितीतरी नोकरीसाठी आखाताकडे निघालेले साधे कामगार. गोव्यातल्या वाचकाला हे प्रवासी कोण असतील याची कल्पना करायला फारसे सायास पडणार नाहीत. आखातात कुणीच नाही असे घर आपल्याकडे शोधूनच काढावे लागेल. रजा संपवून परत जाणारा माणूस, सामानात घरचे लोणचे, सुक्या मासळीची पुडी आणि दोन वर्षांनी पुन्हा भेटू असे सांगून घेतलेला निरोप. हा अपघात हरियाणाच्या शेतांत झाला असला तरी तो आपल्यापासून फार लांबचा नाही.

त्या दिवशी झाले काय, ते आधी नीट पाहू. दिल्लीच्या भोवतालचे बरेचसे आकाश तेव्हा हवाई दलाच्या ताब्यात होते. नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी एकच मार्ग ठेवलेला होता. येणारी विमानेही त्याच वाटेने येणार आणि जाणारीही त्याच वाटेने जाणार. एकाच अरुंद घाटरस्त्यावरून दोन्ही बाजूंची वाहने जावीत तसे. फरक इतकाच, की आकाशात बाजू देता येते ती वर किंवा खाली होऊन. नियंत्रकाने नियमाप्रमाणे तेच केले होते. उतरणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितले आणि चढणाऱ्या सौदी विमानाला चौदा हजारांवर. मध्ये हजार फुटांचे अंतर. समोरून सौदी बोइंग येत आहे, हेही त्याने कझाक विमानाला कळवले होते. हजार फूट ही काही बेफिकिरी नव्हती. जगभर तेच अंतर पुरेसे मानले जात होते.

पण कझाक विमान पंधरा हजारांवर थांबले नाही. ते खाली येत राहिले आणि चौदा हजारांच्या आसपास ढगात ही टक्कर झाली.

नियंत्रकाला हे दिसायला हवे होते, असे कुणालाही वाटेल. पण त्याच्यासमोरच्या पडद्यावर फक्त ठिपके होते. त्या वेळी दिल्लीत वापरात असलेले रडार विमान कुठे आहे आणि किती लांब आहे एवढेच दाखवत होते. ते किती उंचीवर आहे हे त्याला कळत नव्हते. उंची वैमानिकाने रेडिओवर सांगायची आणि नियंत्रकाने ती खरी मानायची, असा व्यवहार होता. उंची दाखवणारे दुय्यम रडार तोपर्यंत तिथे कामाला लागलेले नव्हते.

चौकशीसाठी सरकारने दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांचा आयोग नेमला. हेच लाहोटी पुढे २००४ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. दोन्ही विमानांच्या ध्वनिमुद्रण पेट्या मॉस्कोत आणि इंग्लंडमधल्या फार्नबरोत उघडून वाचल्या गेल्या. आयोगाचा निष्कर्ष असा, की कझाक विमान परवानगी नसताना पंधरा हजार फुटांखाली उतरले. पण ते का उतरले, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या विमानात रेडिओवर बोलण्याचे काम वैमानिकाचे नव्हते. सोव्हिएत पद्धतीप्रमाणे त्यासाठी वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलायचा तो आणि विमान चालवायचा दुसरा. म्हणजे दिल्लीहून आलेला प्रत्येक आदेश एका कानातून दुसऱ्या तोंडात आणि तिथून तिसऱ्या हातात जाणार. त्यात आणखी एक अडचण होती. या चालक दलाची सवय मीटरची आणि दिल्लीचे आदेश फुटांत. आपल्या गोव्यात भात खंडी-कुडवांनी मोजायची सवय असलेल्या म्हाताऱ्या भाटकाराला किलोचा भाव सांगितला की तो क्षणभर थबकून मनात हिशेब करायचा. तो क्षण भाताच्या व्यवहारात चालून जातो. मिनिटाला हजारो फूट खाली येणाऱ्या विमानात तो चालत नाही. आयोगाने इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि चालक दलातला आपसातला मेळ नसणे, या दोन गोष्टींवर नेमके बोट ठेवले. शेवटच्या क्षणी रेडिओ ऑपरेटरच्या लक्षात आले, की आपण ठरलेल्या उंचीच्या खाली आलो आहोत. विमान वर घेण्याची धडपड झाली आणि त्या वर जाणाऱ्या विमानाच्या शेपटाने बोइंगचा डावा पंख कापला.

आता प्रश्न असा, की नियंत्रकाला उंची दिसत नव्हती आणि वैमानिकांना ढगात समोरचे विमान दिसत नव्हते, मग ही टक्कर टाळू शकेल असे जगात काही होते का? होते. त्याचे नाव टीकॅस. दोन्ही विमानांत ते बसवलेले नव्हते.

टीकॅस म्हणजे विमानाविमानांतली टक्कर टाळणारे यंत्र. त्याची कल्पना साधी आहे. प्रत्येक मोठ्या विमानात ट्रान्सपाँडर नावाचे एक उपकरण असते. त्याला रेडिओलहरींनी विचारले, की ते आपली ओळख आणि उंची सांगते. टीकॅस दर सेकंदाला आसपासच्या विमानांना हा प्रश्न विचारत राहते आणि आलेल्या उत्तरांवरून हिशेब करते, की आपली गाठ किती सेकंदांत पडेल. इथे मैलांना महत्त्व नाही, सेकंदांना आहे, कारण समोरासमोर येणारी दोन विमाने दहा मैलांचे अंतरही मिनिटाच्या आत संपवतात. धोका जवळ आला की यंत्र आधी फक्त 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणून सावध करते. तरीही अंतर कमी होत गेले तर आज्ञा देते : वर जा किंवा खाली जा. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर दोन्ही यंत्रे आपसात ठरवून घेतात, की एकाने वर जायचे आणि दुसऱ्याने खाली. ना नियंत्रक लागतो, ना इंग्रजी, ना फूट-मीटरचा हिशेब.

या यंत्राच्या मागेही अपघातांची रांग आहे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने धडकून १२८ माणसे गेली. तोपर्यंत विशाल आकाशात वैमानिकाने डोळ्यांनी पाहावे आणि टाळावे, एवढ्यावर बरेचसे काम चालायचे. त्यानंतर अमेरिकेने १९५८ साली विमान वाहतुकीचे नियमन करणारी नवी केंद्रीय संस्था उभी केली. टक्कर टाळणारे यंत्र विमानातच असावे या विचारावर संशोधन सुरू झाले, पण ते रेंगाळत राहिले. १९७८ मध्ये सॅन डिएगोच्या आकाशात एक प्रवासी विमान छोट्या विमानाला धडकले, १४४ माणसे गेली. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस या वस्तीवर आणखी एक टक्कर झाली. त्यात विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५ जण मेले. त्या छोट्या विमानात ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. १९८७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला, की तीसहून जास्त आसनांच्या प्रत्येक प्रवासी विमानात टीकॅस हवेच. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेच्या आकाशात ते सगळीकडे आले.

म्हणजे चरखी दादरीच्या आधी तीन वर्षे हे यंत्र अमेरिकेत सक्तीचे झाले होते. बाकीच्या जगात नव्हते. नियम नसला की खर्च पुढे ढकलता येतो. सरकारी कचेरीत वीस वर्षे फायली हलवलेल्या माणसाला हे सांगायला नको. 'आवश्यक' आणि 'इष्ट' या दोन शेऱ्यांमध्ये किती वर्षे जाऊ शकतात हे आम्ही रोज पाहतो.

अपघातानंतर मात्र भारताने वेळ लावला नाही. येण्याजाण्याचे मार्ग वेगळे करणे, उंची दाखवणारे रडार वापरात आणणे आणि विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे करणे, ही पावले उचलली गेली. यंत्राची सक्ती परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही लागू केली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत ही सक्ती तेव्हा यायची होती. ती पुढे १ जानेवारी २००३ पासून तीसहून जास्त प्रवाशांच्या विमानांना आणि १ जानेवारी २००५ पासून एकोणीसहून जास्त प्रवाशांच्या विमानांना लागू झाली. या बाबतीत आपण जगाच्या पुढे होतो, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण आपल्याकडे अशा गोष्टी सहसा उलट्या घडतात.

इथे ही कथा संपायला हवी होती. यंत्र आले, नियम आला, प्रश्न मिटला. पण कचेरीत एक शब्द आम्ही रोज वापरतो : अनुपालन. परिपत्रक आले, वस्तू खरेदी झाली, साठा नोंदवहीत नोंद झाली, की वर अहवाल जातो, 'अनुपालन करण्यात आले आहे'. वस्तू आली हे खरे असते. ती कशी वापरायची, केव्हा वापरायची, आणि साहेब एक सांगत असताना यंत्र दुसरे सांगू लागले तर काय करायचे, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. आकाशातही तेच झाले.

३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात, यैझू शहराजवळ, एकाच कंपनीची दोन मोठी विमाने एकमेकांच्या अगदी जवळ आली. दोन्हींत मिळून ६७७ माणसे होती. प्रशिक्षण घेत असलेल्या नियंत्रकाने एका विमानाऐवजी दुसऱ्याला खाली उतरायला सांगितले होते. दोन्ही विमानांत टीकॅस होते आणि दोन्ही यंत्रांनी वेळेवर बरोबर आज्ञा दिल्या : एकाला वर, एकाला खाली. खालची आज्ञा मिळालेले विमान खाली गेले. वरची आज्ञा मिळालेल्या बोइंगच्या कॅप्टनने मात्र नियंत्रकाचा आधीचा आदेश पाळला आणि तेही खाली गेले. शेवटच्या क्षणी डोळ्यांनी दिसले म्हणून जोरात झोका देऊन टक्कर टळली. त्या झोक्यात सुमारे शंभर माणसे जखमी झाली. त्या कॅप्टनने नियम मोडला, असेही म्हणता येत नाही. नियंत्रकाचा आदेश आणि यंत्राची आज्ञा यांत विरोध आला तर कुणाचे ऐकायचे, हे जगभर सारख्या आणि निःसंदिग्ध शब्दांत कुठे लिहिलेलेच नव्हते.

पुढे दीड वर्षाने, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर तेच घडले आणि या वेळी टक्कर टळली नाही. एक होते रशियाच्या बाश्कीर एअरलाइन्सचे टुपोलेव १५४. त्यात ६९ माणसे होती, बहुतेक उफा शहरातली शाळकरी मुले, सुट्टीसाठी बार्सिलोनाला निघालेली. दुसरे डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७, त्यात दोन वैमानिक. खाली झुरिचमध्ये एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता, रडार यंत्रणेची दुरुस्ती चालू होती, टेलिफोनची मुख्य लाइन बंद होती. धोका त्याच्या उशिरा लक्षात आला आणि त्याने टुपोलेवला खाली उतरायला सांगितले. जवळजवळ त्याच क्षणी टुपोलेवच्या टीकॅसने आज्ञा दिली, वर जा. बोइंगच्या टीकॅसने सांगितले, खाली जा. बोइंग खाली गेले. टुपोलेवमध्ये सहवैमानिकाने यंत्र वर जायला सांगत आहे हे बोलूनही दाखवले. पण नियंत्रकाचा शब्द वरचढ ठरला. दोन्ही विमाने सारख्याच वेगाने खाली आली आणि सुमारे पस्तीस हजार फुटांवर धडकली. ७१ जण गेले.

टुपोलेवच्या वैमानिकांना दोष देणे सोपे आहे. पण जर्मन तपास संस्थेने २००४ मध्ये दिलेल्या अहवालात त्यांच्या हाती असलेल्या पुस्तिकांकडेही पाहिले. टीकॅस हे नियंत्रकाच्या कामाला पूरक साधन आहे, असा अर्थ निघेल अशी वाक्ये त्यांत होती. पूरक म्हणजे दुय्यम, असे कुणीही समजेल. यंत्र नियमाप्रमाणे बसवले होते आणि ते चालूही होते. कागदावरचे अनुपालन शंभर टक्के होते.

या अपघाताचा एक धागा फार दुःखद आहे. अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच, फेब्रुवारी २००४ मध्ये, बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका रशियन माणसाने त्या रात्रीच्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याचा खून केला. एकट्या माणसाला रात्री दोन पडद्यांवर बसवणारी व्यवस्था आणि पुस्तिकेतले ते संदिग्ध वाक्य यांच्यावर राग काढता येत नाही. राग काढायला माणूस लागतो. शेवटची सही ज्याची, त्याच्या गळ्यात फाइल, हा न्याय आम्हा कारकुनांना चांगलाच ठाऊक आहे.

नोव्हेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला. टीकॅसने वर किंवा खाली जाण्याची आज्ञा दिली तर वैमानिकाने ती ताबडतोब पाळावी, नियंत्रकाचा आदेश विरुद्ध असला तरीही. यंत्राच्या आज्ञेच्या उलट दिशेला तर कधीच जाऊ नये. आपण यंत्राचे ऐकत आहोत हे नियंत्रकाला दोन शब्दांत सांगावे आणि नियंत्रकाने धोका संपेपर्यंत त्या विमानाला उंचीचा दुसरा आदेश देऊ नये. वाचायला चार ओळी. पण त्यांच्यामुळे वैमानिकाच्या मनातला संशय गेला. आज वैमानिकांना सिम्युलेटरवर याचा सराव करावा लागतो, आणि आज्ञा कानावर पडल्यावर प्रतिसादाला अपेक्षित वेळ असतो सुमारे पाच सेकंद. पाच सेकंदांत विचार करायला वेळ नसतो. विचार आधीच करून ठेवलेला असावा लागतो. नियम म्हणजे खरे तर तेवढेच : शांत डोक्याने आधी करून ठेवलेला विचार.

वैमानिकाच्या वाट्याला आणखीही एक काम आहे, यंत्र चालू आहे ना हे पाहण्याचे. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलावर ३७ हजार फुटांवर गोल कंपनीचे बोइंग ७३७ आणि एक छोटे खाजगी जेट धडकले. बोइंगमधले सर्व १५४ जण गेले. जेट कसेबसे एका हवाई तळावर उतरले आणि त्यातले सातही जण वाचले. दोन्ही विमानांत टीकॅस होते. पण जेटचा ट्रान्सपाँडर नकळत बंद पडलेला होता आणि समोर तसे लिहून आलेले असूनही वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही. ट्रान्सपाँडर गप्प असला तर दुसऱ्या विमानाचे टीकॅस प्रश्न कुणाला विचारणार? या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची जागा हीच. माझ्या विमानातले यंत्र मला वाचवू शकते, पण ते तुमच्या विमानातल्या यंत्राच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून हा नियम एकट्यादुकट्याने पाळून भागत नाही, सगळ्यांनी पाळला तरच त्याला अर्थ.

हे वाचताना गोव्यातल्या काही वाचकांना १ ऑक्टोबर २००२ ची आठवण झाली असेल. त्या सकाळी दाबोळीजवळ नौदलाची दोन इल्युशिन ३८ विमाने संचलनाच्या उड्डाणात एकमेकांवर आदळली. विमानांतले बाराही नौसैनिक गेले आणि खाली जमिनीवरच्या माणसांनाही जीव गमवावा लागला. युबरलिंगेनला तेव्हा तीन महिनेच झाले होते. पण ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे. संचलनात विमाने मुद्दामच एकमेकांच्या जवळ उडतात, तिथे टीकॅसचा हिशेब लागू पडत नाही. ती आठवण इथे नोंदवतो, ती आकाशातल्या दोन विमानांमधले अंतर ही किती नाजूक गोष्ट आहे हे आपल्या डोक्यावरच घडून गेले आहे म्हणून.

आणि हे अंतर वाढलेले नाही, उलट कमी झाले आहे. २९ हजार फुटांच्या वर पूर्वी दोन विमानांत दोन हजार फूट ठेवत. नोव्हेंबर २००३ पासून भारताच्या आकाशात ते हजारावर आले, कारण उंची मोजणारी उपकरणे जास्त अचूक झाली आणि ती उपकरणे व प्रशिक्षित चालक दल असल्याशिवाय त्या पट्ट्यात एरवी प्रवेश मिळत नाही. गोव्याच्या माथ्यावरून आज दाबोळीची विमाने जातात, जानेवारी २०२३ पासून मोपाचीही जातात. एवढी विमाने एवढ्या जवळून जाऊ शकतात ती या उपकरणांच्या आणि नियमांच्या भरवशावर.

चरखी दादरीच्या विमानांत हे यंत्र असते तर ३४९ माणसे वाचली असती का? यंत्र असते आणि वैमानिकांनी त्याचे ऐकले असते, तर बहुधा हो. या वाक्यातला दुसरा भाग समजायला जगाला आणखी सहा वर्षे आणि ७१ जीव लागले. नियम पाळला जातो तो उपकरण विकत घेतल्याच्या दिवशी नव्हे. ढगात, अंधारात, दोन आवाज एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असताना, कॉकपिटमधला माणूस कुणाचे ऐकतो तिथे तो पाळला जातो किंवा मोडतो.

असो. आपल्या घरचे कुणी रात्रीच्या विमानाने कुवेतला, दुबईला किंवा दम्मामला निघाले, की देवाला नारळ ठेवायची आपली रीत आहे, ती राहू द्यावी. पण त्या विमानात पुढे बसलेल्या दोघांनी त्या चार ओळी किती वेळा घोकल्या असतील, त्याचीही आठवण ठेवावी. आपला माणूस सुखरूप पोचण्यात त्या घोकण्याचा वाटा मोठा आहे.